वीस जीबीची वरात

२००८ साली पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आलो, तेव्हा घरच्यांनी मेस, रेक्टर आणि रॅगिंग या तिन्हींची भीती घालून पाठवलं होतं. डीसी प्लस प्लस या एकमेकांच्या फाइली उचलायच्या सॉफ्टवेअरबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

होस्टेलचं इंटरनेट रडतखडत चालायचं, पण आतल्या लॅनवर, म्हणजे खोल्याखोल्यांतले कॉम्प्युटर जोडणाऱ्या जाळ्यावर, डीसी सुसाट. अख्खा सिनेमा दोन मिनिटांत. गाणी, गेम, जुन्या प्रश्नपत्रिका, काय हवं ते. अट एकच : आपल्या मशीनवरचा किमान वीस जीबी माल इतरांसाठी खुला ठेवायचा. माझ्याकडे होता पावणेदोन जीबी, त्यातही निम्मे वडिलांनी भरून दिलेले अभंग. म्हणजे चोरांच्या आळीत खोली हवी, तर आधी चोरीचा माल दाखवा!

एकच फाइल दहा नावांनी ठेवून पाहिली. पण डीसी प्रत्येक फाइलचा हॅश काढतं, म्हणजे अंगठ्याचा ठसाच म्हणा. नाव बदललं तरी ते ओळखतं आणि मोजत नाही. हबवरून, म्हणजे डीसीवाले सगळे जिथे जोडलेले असायचे तिथून, मला तीनदा हाकललं.

मग बॅगेत डीव्हीडी सापडल्या. मामांच्या सुमीताईचं लग्न. "पुण्यात कॉप्या स्वस्तात निघतात म्हणे, पाहुण्यांना वाटायला काढून आण," म्हणून मामांनी पाच डीव्हीडी दिलेल्या. प्रत्येक चार जीबीच्या वर! रात्रभर हॅशिंग चाललं, सीपीयू इतका तापला की त्यावर ओला टॉवेल वाळला. सकाळी साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत सगळं हबवर होतं, आणि मीही.

हे कोणी बघेल असं स्वप्नातही नव्हतं. पण पहिल्या वर्षाच्या सगळ्यांनाच वीस जीबी हवे होते. पोरं हार्ड डिस्क काखेत मारून माझ्या खोलीवर आली. आठवडाभरात पंधरा खोल्यांतून सुमीताईची पाठवणी सुरू झाली. आणि चौथ्या डीव्हीडीत वरात होती. वरातीत तोंडात रुमाल धरून डांबरी रस्त्यावर लोळणारा नाग म्हणजे मी. मेसमध्ये शिरलो की रांगेतले दहाबारा जण खिशातून रुमाल काढायचे.

त्यातच नोटीस बोर्डावर कागद लागला : कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३. सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड ५० हजार ते २ लाख. माझं पाणी पाणी झालं. वकिली शिकणाऱ्या मावसभावाला गाठलं. त्याला असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळत होतं, त्यामुळे त्याने चहा मागवून सावकाश पुस्तक उघडलं.

"हे बघ, वरातीत गाणी वाजवणं गुन्हा नाही. कलम ५२. कायद्यात वरातीचा चक्क उल्लेख आहे."

"म्हणजे नागीण कायदेशीर?"

"नागीण कायदेशीर. पण व्हिडिओवाल्याने मागाहून सिनेमाची गाणी चिकटवली ना, त्याला ही सवलत नाही. ती कंपनीची."

"आणि लग्नाची फिल्म? व्हिडिओवाल्याची?"

"वेगळा करार नसेल तर ज्याने पैसे मोजून काढून घेतली त्याची. कलम १७. म्हणजे मामांची."

बाकी सगळं होस्टेल मुंबईच्या कंपन्यांचं गुन्हेगार. मी त्याशिवाय थेट मामांचाही. कंपनीला माझा पत्ता ठाऊक नव्हता. मामा दर दिवाळीला घरी येत.

दोन दिवस धीर गोळा करून फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"किती जणांनी बघितलं म्हणालास?"

"सत्तर-ऐंशी तरी असतील, मामा. चुकलंच माझं."

"अरे, इथे पाहुण्यांना फुकट वाटून कोणी प्लॅस्टिक फाडलं नाही! पंगतीचा भाग बघितला का पोरांनी? जिलबीबद्दल काय म्हणाले?"