‘समुद्र वर्षाला तीनच मिलिमीटर चढतो’, मग काळजी कसली?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. समुद्र वर्षाला जेमतेम तीन मिलिमीटर चढतो, पंचवीस वर्षांत वीतभरसुद्धा नाही. मुंबई बुडणार ही निव्वळ आवई. फार तर किनाऱ्याला भिंत घाला. महापालिकेने या भानगडीत न पडता खड्डे बुजवावेत.

खड्ड्यांबद्दल दुमत नाही. बाकीचं बघू.

तीन मिलिमीटर हा आकडा खोटा नाही, शिळा आहे. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती. तिच्या 2021 च्या अहवालानुसार जागतिक सरासरी वाढ 1901 ते 1971 या काळात वर्षाला 1.3 मिलिमीटर होती, 2006 ते 2018 मध्ये 3.7. वेगच वाढतोय, तिथे नुसतं पंचविसाने गुणून कसं भागेल?

आवई म्हणाल तर ती उठायला कारणही मिळालं. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त इकबालसिंह चहल यांनी 2050 पर्यंत नरिमन पॉइंट, मंत्रालय परिसराचा 80 टक्के भाग पाण्याखाली जाईल असं जाहीर सांगितलं. तेव्हापासून वाद ‘बुडणार की नाही’ यातच अडकलाय, आणि खरी गोम तिथे नाहीच.

मुंबईत पाणी येतं आभाळातून. समुद्र ते अडवून धरतो. शहराचं पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी 186 मुखं आहेत. त्यातली 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, 135 भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर फक्त सहा! मोठी भरती आली की झडपा लावाव्या लागतात, नाहीतर समुद्रच गटारातून उलटा आत येतो. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथले पंप आणि दादरच्या हिंदमात्याला तुंबणारं पाणी साठवायला मैदानाखाली बांधलेल्या टाक्या याचसाठी. आता पातळी दहा सेंटीमीटरने वाढली असं धरा. प्रत्येक मोठ्या भरतीला झडप आधी लागणार, उशिरा उघडणार, आणि तेवढा वेळ पाऊस काही थांबणार नाही.

खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून भात पिकवणाऱ्या रायगडातल्या खारभूमीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बांधाच्या उघाडीतून ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर काढायचं, भरतीला दार मिटायचं. दार किती वेळ उघडं राहतं, त्यावर भात ठरतं.

भिंतीचंही तेच. लाट थोपेल, पण आतलं पाणी जायचं कुठून? कोकणात धूपप्रतिबंधक बंधारा जिथे संपतो, त्याच्या पुढची वाळू खचायला लागते. मग शेजारची वाडी बंधारा मागते. होड्या ओढायला पुळण उरत नाही ते वेगळंच.

‘हे महापालिकेचं काम नाही’ हा मुद्दा तर पार उलटा आहे. विकास आराखडा, बांधकामाची परवानगी, नाल्याची रुंदी, मोकळी मैदानं हे सगळं तिच्याच हातात. मार्च 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडाही तिनेच काढला. विचारायचंच तर तिला हे विचारा, की नवा नाला बांधताना समुद्राची कुठली पातळी धरली, आजची की 2050 ची? पुराचा आणि धुपेचा धोका किनाऱ्यापासून कुठवर आहे हे दाखवणाऱ्या, केंद्राने आखलेल्या धोकारेषेत समुद्रपातळीची वाढ धरलेली आहे. पण किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत ती रेषा आपत्ती व्यवस्थापनासाठी ठेवली, बांधकामाची हद्द म्हणून नाही. त्या रेषेच्या आत जोतं किती उंच हवं, शाळा-दवाखाना बांधावा की नाही, हे महापालिकेला आपल्या नियमांत आजही घालता येईल.