लाइट स्टँडवरच्या टेपकडे बघून केलेलं प्रेम

गेल्या दीड वर्षात मी एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचतेय. पंचवीसेक तरी झाल्या असतील. सगळ्या इंग्रजी, बहुतेक अमेरिकेत घडणाऱ्या. सगळ्यांत दोन पुरुषांचं प्रेम आणि त्यातला निदान एक जण टीव्हीवरचा नट. किंडलवर वाचते, त्यामुळे मुखपृष्ठावरची उघड्या छातीची मंडळी घरात कुणाला दिसत नाहीत. आईनं एकदा विचारलंच, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काय वाचतेस गं एवढं?" म्हटलं, "टीव्हीवाल्यांची गोष्ट आहे." खोटं नव्हतं ते.

मी सहा वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहिलेत, त्यातली चार घोडबंदर रोडच्या एका सेटवर रोज जाऊन. त्यामुळे या कादंबऱ्या वाचताना माझ्यातली वाचक विरघळते आणि संवादलेखिका शेजारी बसून कुरकुरते. आज तिची पाळी.

साचा ठरलेला असतो. डॉक्टरांची नाहीतर पोलिसांची मालिका, तिसरा-चौथा सीझन. दोन नायक पडद्यावर सतत भांडतात आणि प्रेक्षकांना त्या भांडणात भलतंच काही दिसतं. एक नट उघडपणे गे, दुसरा लपलेला. त्याच्या मॅनेजरनं फोटोपुरती एक मैत्रीण जोडून दिलेली. मग मेकअप व्हॅनमध्ये काय व्हायचं ते होतं, पाऊण पुस्तक झालं की ताटातूट, आणि शेवटी पुरस्कार सोहळा. लपलेला नट स्टेजवर जातो, बाहुली हातात घेतो, कॅमेऱ्यात बघतो आणि सांगून टाकतो. टाळ्या. समोर बसलेला दुसरा रडतोय. संपलं पुस्तक.

सुखाच्या शेवटाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. 'रोमान्स' म्हणून पुस्तक विकायचं तर शेवट गोड करावाच लागतो, तो त्या धंद्याचा वाचकाला दिलेला शब्द आहे. शिवाय टीव्हीवर आणि सिनेमात अशा माणसांना इतकी वर्षं मरायलाच लावलंय की एखाद्या जोडीनं सुखानं नांदावं, एवढी मागणी जास्त नाही. माझं भांडण त्या सोहळ्याशी आहे. दोघांनी एकमेकांना सांगून झालेलं असतं, मग ते खरं ठरायला सभागृह कशाला लागतं? कारण सभागृहात आपण बसलेलो असतो. प्रेक्षक आणि वाचक एकच. कादंबरी हळूच आपलीच ओटी भरते की बघा, तुम्हाला कळल्याशिवाय यांचं प्रेम काही पुरं होत नव्हतं.

मालिकेत प्रेम कसं होतं ते सांगते. रात्रीचे पावणेदहा. एपिसोड उद्याचा, बँक शून्य, म्हणजे आधी शूट करून ठेवलेला एकही एपिसोड हाताशी नाही. नायिकेला दुसरीकडे जायचं होतं म्हणून तिचे क्लोजअप आधी काढून तिला सोडलं. आता नायकाचा क्लोजअप. कॅमेऱ्याला चिकटून एक लाइट स्टँड उभा, त्यावर तिच्या डोळ्यांच्या उंचीला पांढऱ्या टेपचा बोटभर तुकडा. असिस्टंट सुपारी एका गालात सरकवून क्यू देतो, "तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही, ह्म्म, पुढचं तुझं." आणि तो नट त्या टेपकडे असा बघतो, असा बघतो, की मॉनिटरमागे उभ्या मेकअप दादांच्या हातातला पफ तिथेच थांबतो. कट. "मस्त रे, पॅकअप." दुसऱ्या दिवशी घराघरांत पदर डोळ्याला.

या कादंबऱ्यांमध्ये मात्र हमखास एक वाक्य येतं, अशी नजर अभिनयात आणता येत नाही म्हणून. येते हो! रोज येते, पावणेदहाला, टेपकडे बघून. त्याचेच तर पैसे मिळतात. खरा प्रश्न पुढचा आहे. ज्याला टेपकडे असं बघता येतं, त्यानं रात्री एक वाजता घरी गेल्यावर स्वतःची नजर कोणती आणि शिफ्टची कोणती, हे ओळखायचं कसं? त्यातून चौदाव्या वर्षापासून वर्गात, लग्नकार्यात, क्रिकेटच्या मैदानावर जो 'साधा मुलगा' वठवत आलाय, त्यानं सेटवर हजर व्हायचा पहिला कॉल टाइम मिळण्याआधीच किती शिफ्ट केल्यात! पंचवीसपैकी दोनच लेखकांना हे सुचलं. त्या दोन मी परत वाचल्या.

माझा एक मित्र आहे. नायकाचा धाकटा भाऊ, वहिनीचा लाडका दीर, असलीच कामं मिळतात त्याला. त्याच्याबद्दल घरी माहीत आहे, सेटवर निम्म्यांना माहीत आहे, बाहेर नाही. त्याला मी यातली एक गोष्ट पूर्ण सांगितली, पुरस्कारासकट. शांतपणे ऐकून म्हणाला, "ताई, यांच्याकडे गुरुवार नसतो का गं?"

बाहेरच्यांसाठी सांगते, टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. आकडा पडला की कथेचा ट्रॅक बदलतो आणि ट्रॅक बदलला की धाकटा भाऊ दुबईला नोकरीला जातो. "मी बुधवारी स्टेजवर सांगितलं," तो म्हणाला, "तर शुक्रवारी मी दुबईत."

आणि हे काही आपल्याकडचंच रडगाणं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत एबीसीच्या 'थर्टीसमथिंग' मालिकेत दोन पुरुष एका पलंगावर नुसते गप्पा मारताना दिसले. स्पर्शसुद्धा नाही. जाहिरातदार पळाले, वाहिनीला दहा लाख डॉलरच्या वर फटका बसला, आणि तो भाग पुन्हा दाखवलाच नाही. २००७ मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' या रोजच्या मालिकेत ल्यूक आणि नोआ या दोन पोरांचं चुंबन झालं, अमेरिकेच्या दुपारच्या मालिकांमधलं पुरुषांचं पहिलंच. त्यानंतर वाहिनीनं दोघांच्या ओठांत असं काही अंतर पाडलं की चाहते दिवस मोजायला लागले. नाताळच्या भागात दोघं मिसलटोच्या डहाळीखाली उभे, त्यांच्याकडे तिच्याखाली चुंबन घ्यायची रीत. दोघं जवळ आले आणि कॅमेरा वर, डहाळीवर! आपल्याकडे दोन फुलं एकमेकांवर आपटायची, तसंच झालं हे. पुढचं चुंबन यायला सगळे मिळून २०० हून जास्त दिवस लागले. मला विचाराल तर त्या कॅमेरामनवर कादंबरी हवी. डहाळीवर जा, असं त्याच्या कानात कुणी आणि कुठल्या शब्दांत सांगितलं असेल?

लपण्याच्या बाबतीत तर कादंबऱ्या वास्तवापेक्षा फारच मिळमिळीत. रेमंड बर घ्या. १९५७ ते १९६६ टीव्हीवर पेरी मेसन वकील झाला होता तो. त्याचं खरं लग्न एकच, थोडक्यात आटोपलेलं. पण मुलाखतींमधून त्यानं आणखी दोन मेलेल्या बायका रचल्या. एक म्हणे १९४३ मध्ये लेस्ली हॉवर्ड हा ब्रिटिश नट ज्या विमानात मारला गेला त्याच विमानात गेली, दुसरी कॅन्सरनं. शिवाय एक मुलगा, दहा वर्षांचा, ल्युकेमियानं दगावलेला. असला मुलगा कधी नव्हताच. मी सहा वर्षं मालिका लिहिली, पण इतकं सामान एका पात्राच्या मागच्या गोष्टीत भरायला मला कुठल्याही चॅनलनं दिलं नसतं.

आणि खरं काय होतं? 'पेरी मेसन'च्याच सेटवर त्याला रॉबर्ट बेनेविडीस भेटला, कोरियन युद्धातून आलेला तरुण नट. दोघं ३० हून जास्त वर्षं एकत्र राहिले. रॉबर्टनं अभिनय सोडला. फिजीमधलं एक बेट, ऑर्किड, मग कॅलिफोर्नियात सोनोमाला द्राक्षबाग. ऑर्किडच्या एका जातीला त्यांनी बार्बरा हेलचं नाव दिलं, मालिकेत पेरीची सेक्रेटरी झालेल्या नटीचं. मी नाशिकची, त्यामुळे द्राक्षबाग म्हटली की मला लगेच छाटणी, फवारणी आणि अवकाळीची धास्ती दिसते. दोन म्हातारे पुरुष सकाळी उठून आभाळाकडे बघतायत. १९९३ मध्ये बर त्याच मळ्यावर वारला. मग नातेवाइकांनी मृत्युपत्रावरून कोर्ट गाठलं, ती कथा तुम्हा-आम्हाला तोंडपाठ आहे.

या प्रेमात पुरस्काराचं भाषण कुठे बसवाल? कुणालाच न सांगणं चांगलं, असं मी म्हणत नाहीये. तीन मेलेली माणसं खांद्यावर घेऊन फिरावं लागणं हा छळच. रिचर्ड चेंबरलेन १९६१ मध्ये डॉ. किल्डेअर होऊन घराघरांत पोचला आणि २००३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, आत्मचरित्रात बोलला. विनोदी नटी एलेन डीजेनेरस १९९७ मध्ये बोलली, पुढच्या वर्षी तिची मालिका बंद. किंमत दोन्हीकडे आहे. माझी तक्रार इतकीच की कादंबऱ्यांनी या ३० वर्षांतल्या ऑर्किडना पाणी घालण्याकडे बघावं. टाळ्यांनंतर मंगळवार येतो, त्याच्याकडे बघावं.

थायलंडमध्ये उलटी गंमत आहे. तिथे अशा कादंबऱ्या आधी ऑनलाइन क्रमशः येतात, मग त्यांच्या मालिका होतात, आणि त्यातले दोन नट जोडीनंच विकले जातात. जाहिराती जोडीनं, चाहत्यांचे मेळावे जोडीनं. तिथे लपवायची असते ती खरी मैत्रीण! २३ जानेवारी २०२५ पासून त्या देशात समलिंगी लग्न कायदेशीर आहे. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची भीती २०१८ मध्ये गेली, लग्नाला सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये नाही म्हटलं. मालिकांत आम्ही एकेका नायिकेची चार-चार लग्नं लावतो, ते असो.

परवा मित्राला त्या दोनपैकी एक पुस्तक पाठवलं. "इंग्रजी आहे, मला झेपेल का," वगैरे झालं त्याचं. काल रात्री अडीचला त्याचा मेसेज: "ताई, तो टेपवाला सीन यात नाहीये. तू लिही ना. आणि शेवट सांगू नकोस, सातचा कॉल आहे, व्हॅनमध्ये वाचतो."