सोळा शॉट म्हणजे सोळा प्रती नव्हेत

"मल्टी-शॉटचे सोळाही फोटो सारखेच असतात. एक ठेवा, पंधरा उडवा, हार्डडिस्क वाचवा. मोबाइलवरचं एआय अ‍ॅप त्याच एका फोटोचे २४० मेगापिक्सेल करून देतं. कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचा भुर्दंड, लाइटरूममध्ये सगळं होतं. ट्रायपॉडही लागत नाही."

हा मेसेज महिनाभर नागपुरातल्या फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर फिरतोय. मल्टी-शॉट, म्हणजेच पिक्सेल शिफ्ट: कॅमेरा आतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, किंचित सरकवत एकाच दृश्याचे अनेक शॉट घेतो आणि ते नंतर सॉफ्टवेअरने एका मोठ्या फोटोत जोडतात. धंतोलीतल्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याने मलाही पाठवला होता. मी वाचून सोडून दिला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, कारण तोच मेसेज माझ्या भाच्याकडेही पोचला होता.

भाचा नागपुरातल्याच महाल भागातल्या एका वाड्यात जुन्या हस्तलिखित पोथीचे फोटो काढत होता. पानं ४२. कॅमेरा भाड्याने आणलेला, ६१ मेगापिक्सेलचा सोनी अल्फा ७आर ४. प्रत्येक पानाचे सोळा शॉट. मेसेज वाचून त्याने प्रत्येक पानाची पहिली फाइल तेवढी ठेवली आणि कार्ड फॉरमॅट करून टाकलं. मला म्हणतो, "मामाजी, मी झूम करून पाह्यलं ना, सगळे सेमच होते."

सेम दिसणारच. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल पावणेचार मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. दोन शॉटच्या मधे सेन्सर सरकतो तो एक पिक्सेल किंवा अर्धाच. हा फरक मोबाइलच्या पडद्यावर दिसेल कसा? पण सगळं काम त्या सरकण्यातच आहे.

सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची काच असते. चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळालं आणि आजचे बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. म्हणजे एका शॉटमध्ये प्रत्येक जागेचा एकच रंग खरोखर मोजलेला असतो. उरलेले दोन सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतं. सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार शॉट घेतले की प्रत्येक जागेला तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजून मिळतात. हेच चार शॉट अर्ध्या पिक्सेलच्या अंतराने आणखी तीनदा घेतले की सोळा शॉट होतात, आणि ६१ च्या चौपट, सुमारे २४० मेगापिक्सेल, भरतात.

पोथीत याचा अर्थ काय होतो ते पाहा. मजकूर काळ्या शाईचा, दंड (ओळ संपल्याची उभी रेघ) आणि अध्यायाचा शेवट हिंगुळाच्या लाल शाईचा. त्या केसाएवढ्या दंडाचा लाल रंग एका शॉटमध्ये चारातला एकच पिक्सेल मोजतो. बाकीचे पंधरा शॉट उडवले म्हणजे "प्रती" गेल्या नाहीत, मोजमापं गेली. आणि का, तर जागा वाचवायला! कॉम्प्रेस न केलेली एक रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने मोजलेलं जसंच्या तसं ठेवणारी, साधारण १२० एमबीची, एका पानाच्या सोळा मिळून दोन जीबीच्या घरात. ४२ पानांचे ८० जीबी. एवढ्यासाठी?

एआय अ‍ॅपबद्दलचं मेसेजमधलं मत तर त्याहून घातक. ते अ‍ॅप आधी पाहिलेल्या लाखो चित्रांवरून "इथे बहुधा असं असेल" म्हणून तपशील रंगवतं. चेहऱ्याची कातडी गुळगुळीत करायची असेल तर करा बापडे. पण पोथीत अक्षरावरचा ठिपका अनुस्वार आहे की कसरीने पाडलेलं भोक, हे अ‍ॅपने ठरवायचं नाही. त्याने ठिपका ठळक केला की पुढचा वाचणारा तो अनुस्वार म्हणूनच वाचणार, आणि चूक कुठे झाली ते कुणाला कळणारही नाही.

खर्चाचं म्हणणं सरळ खोटं आहे. सोनीचं इमेजिंग एज आणि फुजीफिल्मचं पिक्सेल शिफ्ट कंबाइनर, दोन्ही मोफत उतरवून घेता येतात. कंपन्यांची सॉफ्टवेअरं संथ आणि कटकटीची असतात, एवढं मात्र कबूल. फोटो संपादनाचं लाइटरूम सोनीचे सुटे सोळा शॉट जोडून देत नाही. जोडून झालेली फाइल उघडणं वेगळं, जोडणं वेगळं.

ट्रायपॉडच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. ऑलिंपसच्या ई-एम१एक्स कॅमेऱ्याने २०१९ मध्ये हातात धरून ५० मेगापिक्सेलचा फोटो जोडून दाखवला. पण सोनीच्या सोळा शॉटच्या पद्धतीत अर्ध्या पिक्सेलचा हिशेब असतो, तिथे हात चालत नाही. नागपूरकरांसाठी सांगतो, कूलरही चालत नाही. मे महिन्यात ४५ अंशात कूलर बंद करायला जीवावर येतं, पण त्याच्या झोताने पानाचा कोपरा उचलला जातो आणि थरथर फरशीतून ट्रायपॉडमध्ये चढते. मग जोडलेल्या फोटोत बारीक जाळी उमटते.

या हलण्याचं काय करायचं ते नीट समजून घ्यायचं असेल तर रॉथेरपी या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या माहितीकोशातलं, रॉपीडियामधलं, पिक्सेल शिफ्टचं पान वाचा. २०१७ च्या ५.१ आवृत्तीपासून ते सॉफ्टवेअर पेंटॅक्स कॅमेऱ्यांचे चार शॉट जोडतं. चित्राचा जो भाग हलला तो शोधून तेवढ्यापुरता एकच शॉट वापरतं, बाकी ठिकाणी चारही. कुठे हललं त्याचा मास्कही दाखवतं. "सगळे शॉट सारखेच" म्हणणाऱ्याने तो मास्क एकदा डोळ्यांनी पाहावा.

लग्नाच्या अल्बमला सोळा शॉट लागत नाहीत, हेही खरं. तिथे ६१ मेगापिक्सेलची एक फाइल पुरून उरते. पण मेसेजमध्ये लग्नापुरतं असं कुठेही लिहिलेलं नाही.

ज्यांनी मेसेज वाचून शॉट उडवले असतील त्यांनी ते कार्ड आत्ता कॅमेऱ्यातून काढा. त्यावर नवा एकही फोटो घेऊ नका. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर कार्डावरच्या, पुसल्या न गेलेल्या रॉ फाइली शोधून काढतं. भाच्याने फॉरमॅटनंतर त्याच कार्डावर फुटाळा तलावावर संध्याकाळभर फोटो काढले होते, तरी ११ पानांचे सोळाच्या सोळा शॉट परत मिळाले. उरलेल्या ३१ पानांसाठी पोथीच्या मालकांनी पुढचा रविवार दिलाय. सकाळी सातला, कूलर लागायच्या आत.