खोली नंबर १६ची उधारी

पॅरिसमध्ये एका हॉटेलच्या दाराशेजारी पाटी आहे. ऑस्कर वाइल्ड, कवी आणि नाटककार, डब्लिनमध्ये १५ ऑक्टोबर १८५६ला जन्मला आणि ३० नोव्हेंबर १९००ला या घरात वारला. जन्मतारीख साफ चुकीची. खरी १६ ऑक्टोबर १८५४.

कोरणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. वय चोरायची खोड वाइल्डचीच. १८९५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या कोर्टात त्याने स्वतःचं वय ३९ सांगितलं. उलटतपासणी घेणारा वकील कार्सन डब्लिनच्या कॉलेजात त्याच्याच वेळचा. त्याने तिथल्या तिथे जन्मतारीख काढली आणि विचारलं, म्हणजे चाळिशी उलटली ना? पुढे वाइल्डचं अख्खं आयुष्य ज्या खटल्यांनी धुऊन नेलं, त्यांची सुरुवात या फुटकळ थापेने झाली. आणि तीच थाप आता भिंतीवर दगडात बसलीय. ती कोणी दुरुस्त करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफिसच्या कामासाठी गेलो होतो, रविवार मोकळा मिळाला. आयफेल टॉवर सहकाऱ्यांना सोडला आणि मी सीन नदीच्या काठाने निघालो. मला वाइल्डची हॉटेलं बघायची होती. एक नाही, दोन. दोघांमधलं अंतर चालत दहा मिनिटं. वाइल्डला मात्र तेवढं अंतर कापायला पंधरा वर्षं लागली.

पहिलं नदीकाठी, के व्होल्तेर रस्त्यावर. पलीकडे थेट लूव्र. १८८३मध्ये वाइल्ड तिथे उतरला तेव्हा अमेरिकेत व्याख्यानं देऊन आलेला, खिशात पैसे, केस कुरळे करून घेतलेले, एक लांबलचक नाटक लिहायला घेतलेलं. शेरार्ड नावाच्या मित्राने खिडकीतल्या देखाव्याचं कौतुक केलं, तर साहेब म्हणाले की देखाव्याशी हॉटेलवाल्याचा काय तो संबंध, तो बिलात लावतो. सभ्य माणूस खिडकीतून बघतच नाही. विशी-तिशीतल्या माणसाला बिलावर विनोद सुचतात, कारण बिल भरायची ऐपत असते.

दुसरं हॉटेल मागच्या गल्लीत. रु दे बोझार, म्हणजे कलाशाळेची गल्ली. एका टोकाला चित्रकलेच्या प्रख्यात शाळेचं फाटक, दोन्ही बाजूंना आर्ट गॅलऱ्या. १३ नंबरच्या दारावर मेंढ्याचं डोकं कोरलंय. सुरुवातीची पाटी इथलीच. तेव्हाचं नाव ओतेल दाल्झास. साधं, स्वस्त लॉज.

या दोन हॉटेलांच्या मधे काय घडलं ते बहुतेकांना ठाऊक असतं: पुरुषांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून वाइल्डवर खटला चालला. पण मी त्या गोष्टीकडे हॉटेलांच्या बाजूने बघतो, आणि मग ती जास्त बोचते. खटल्यात वाइल्डच्या विरुद्ध साक्षी द्यायला कोण उभं राहिलं? लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे नोकर. कुठल्या खोलीत कोण होतं, चादरी कशा होत्या. ज्या हॉटेलात त्याने पाण्यासारखा पैसा ओतला, तिथली माणसं. मे महिन्यात जामिनावर सुटला त्या रात्री वैऱ्याची माणसं मागावर, आणि हॉटेलवाले त्याला ठेवून घ्यायला तयार नाहीत. खोली घेतली की बाहेर काढलं. शेवटी तो आई आणि भाऊ राहत होते त्या घरी जाऊन पडला. त्यानंतर दोन वर्षं सक्तमजुरी.

१९ मे १८९७ला सुटला, त्याच रात्री बोटीने फ्रान्सला गेला आणि नाव घेतलं सेबास्तियन मेलमॉथ. सेबास्तियन म्हणजे बाण खाऊन उभा राहिलेला संत, मेलमॉथ म्हणजे त्याच्याच नात्यातल्या एका कादंबरीकाराने रंगवलेला शापित भटक्या. खोटं नाव घेतानासुद्धा संदर्भ सोडले नाहीत बाबाने! १८९८च्या सुरुवातीला तो या गल्लीत आला, आधी दुसऱ्या एका हॉटेलात आणि मग त्याहून स्वस्त म्हणून दाल्झासमध्ये. बायको कॉन्स्टन्सकडून वर्षाला दीडशे पौंड ठरलेले. तीही त्याच एप्रिलमध्ये जिनोव्हात वारली. तुरुंगावरचं दीर्घकाव्य छापलं गेलं ते कवीच्या नावाऐवजी कोठडीचा नंबर घालून. त्यानंतर लेखणी थांबली. एका नाटकाचं नुसतं कथानक त्याने चार-पाच जणांना विकलं, प्रत्येकाकडून उचल घेतली. लेखक-मित्र फ्रँक हॅरिसने ते खरंच लिहून रंगभूमीवर आणलं, तेव्हा बाकीचे सगळे हिशोब मागायला आले. (मला यात हसू येतं आणि लगेच लाजही वाटते.)

आता खरा मुद्दा, लॉजमालक दुप्वारिए.

१८९९च्या उन्हाळ्यात वाइल्ड मार्सोलिए नावाच्या दुसऱ्या हॉटेलात राहत होता. बिल थकलं, मालकाने कपडे अडकवून ठेवले. हे वाइल्डने दुप्वारिएच्या कानावर घातलं. दुप्वारिए गेला, स्वतःच्या खिशातून दुसऱ्या हॉटेलचं बिल भरलं, कपडे सोडवून आणले आणि या माणसाला पुन्हा आपल्याकडे ठेवून घेतलं. धंद्याच्या कुठल्याही गणितात हे बसत नाही. समोर दिसतंय की गिऱ्हाईक बुडीत आहे, तरी त्याची मागची उधारी आपण फेडायची आणि पुढची सुरू करायची! सकाळी अकराला कॉफी, ब्रेड-लोणी खोलीत. दुपारी मटणाची चॉप आणि दोन उकडलेली अंडी. शिवाय ब्रँडी, तीही भारीतली, आठवड्याला चार-पाच बाटल्या. आणून देणारा दुप्वारिएच.

आमच्या सदाशिव पेठेतल्या मेसवाल्या काकू मला या माणसाच्या सख्ख्या बहीण वाटतात. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वडिलांचा पगार चार महिने अडकला होता. काकूंची लाल कापडी बांधणीची वही होती. बाकीच्या मुलांची नावं बॉलपेनने. माझं नाव त्यांनी त्या चार महिन्यांत पेन्सिलीने लिहिलं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पोळ्या तेवढ्याच वाढायच्या, रविवारी शिकरणही.

१९००च्या ऑक्टोबरमध्ये वाइल्डच्या कानाचं ऑपरेशन झालं, तेही लॉजच्या खोलीतच. पुढे दुखणं मेंदूपर्यंत गेलं. भिंतीवरच्या कागदाबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य, की माझं आणि या वॉलपेपरचं द्वंद्व चाललंय, दोघांतला एक जाणार, हे त्याचे शेवटचे शब्द म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं. नव्हते. ते त्याआधीचं बोलणं. शेवटच्या दिवशी त्याला बोलताच येत नव्हतं. ऐपतीबाहेर मरतोय, हा विनोदही आधीचाच. शेवटी खोलीत तिघं: रॉबी रॉस आणि रेजी टर्नर हे मित्र, आणि लॉजमालक.

त्यानंतरचा प्रकार कोणी फारसा सांगत नाही. लॉजच्या रजिस्टरात नाव मेलमॉथ, मेला तो वाइल्ड. फ्रान्समध्ये तेव्हा खोट्या नावाने हॉटेलात राहणं गुन्हा होता. अधिकारी आले, खून की आत्महत्या विचारू लागले, प्रेत शवागारात न्यायची भाषा सुरू झाली. रॉसने धावपळ करून ते निस्तरलं. पुढची कित्येक वर्षं त्याने वाइल्डची कर्जं फेडली, त्यात दुप्वारिएचं बिलही आलं. म्हणजे दुप्वारिए बुडाला नाही. पण उधार देताना त्याला हे कुठे माहीत होतं?

आज तिथे पंचतारांकित हॉटेल आहे. १६ नंबरची खोली वाइल्डच्या नावाची, भिंतीवर हिरव्या रंगात मोर. आणि तिथेच फ्रेम करून लावलंय त्याच्या थकलेल्या बिलाचं पत्र. मला खटकलं ते हे. मोर असू देत. वाइल्डला ते आवडलेच असते, गरिबीचा त्याला काडीचाही सोस नव्हता. पण बिल? ज्या उधारीवर एका माणसाने दुसऱ्याला शेवटपर्यंत जगवलं, ती खोलीची शोभा म्हणून दाखवायची आणि तिच्यासकट खोलीचं भाडं लावायचं? लंडनमध्ये बाबासाहेब राहायचे ते किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये विकत घेतलं. तिथे कोणी रात्रीचा दर विचारत नाही. अर्थात प्रत्येक लेखकाची खोली सरकारने घ्यावी असं मी म्हणत नाही, तेवढ्या खोल्या कोण झाडणार!

दारापाशी आणखी एक पाटी आहे, अर्जेंटिनाचा लेखक बोर्खेसची. तो उतारवयात इथे उतरायचा. लहानपणी, नऊ वर्षांचा असताना, त्याने वाइल्डची आनंदी राजपुत्राची गोष्ट स्पॅनिशमध्ये आणली होती. इथे आला तेव्हा त्याची दृष्टी गेलेली. वॉलपेपर असो की मोर, त्याला काहीच फरक पडणार नव्हता. तो माणूस मात्र नेमका या दाराशी आला होता, हे वाचून मी पाटीसमोर जरा जास्तच वेळ रेंगाळलो. आतला दरवान दोनदा बघून गेला.

तिसरी पाटी दुप्वारिएची हवी होती. फार मजकूर लागणार नाही, त्यानेच तो लिहून ठेवलाय. वाइल्डच्या अंत्ययात्रेत मोजकी माणसं होती. त्यात लॉजमालकाने काचमण्यांचं पुष्पचक्र आणलं होतं. त्यावर ना वाइल्ड होतं, ना मेलमॉथ. फक्त ‘माझ्या भाडेकरूस’.

काकूंची मेस कधीच बंद झाली, तिथे आता पार्किंग आहे. वडिलांचा पगार सुटल्यावर मी पैसे घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यांनी वही उघडली, खोडरबर शोधलं आणि एक आकडा सांगितला. तो कमी होता. माझ्या हिशोबाने दीडशे रुपये अजून निघतात.