‘घरबसल्या’ या शब्दाबद्दल

नमस्कार. हर्णैसमोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “किनाऱ्याकडची बाजू कच्ची होती, हे घरबसल्या लिहिलेलं वाटतं. महादरवाजाच तिकडे आहे. शिवाय साल चुकलंय, आणि कनकदुर्ग, फत्तेगड, गोवागड यांचा उल्लेखही नाही.”

सालाचं मान्य. १७५६ विजयदुर्गाचं, सुवर्णदुर्ग एप्रिल १७५५ मध्ये पडला. दुरुस्ती केली आहे.

पण ‘घरबसल्या’? हा शब्द मला लागला, लपवत नाही. माझं आजोळ हर्णैचं. पुळणीवर मासळीचा लिलाव चालायचा तेव्हा मी मामाचा हात धरून उभा असायचो. आठवीत असताना त्याच्याच होडीतून पहिल्यांदा पलीकडे गेलो. गडाला तेव्हा धक्का नव्हता. होडी टेकली की गुडघाभर पाण्यात उडी. दरवाज्याच्या पायरीवरचं कासव मी ओल्या हाताने चाचपलंय. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं आणि पुष्कळांना हा गड आठवला. मला तो विसरायची वेळच आली नव्हती. तुम्ही स्वतः किती वेळा गेला आहात, असं मी चारचौघांत विचारलं तर चालेल का? नाही ना? मग मलाही चाललं नाही.

आणि दरवाजा तिकडे म्हणून बाजू पक्की, हा कुठला न्याय? पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सचं ‘प्रोटेक्टर’ जहाज आधी पश्चिमेच्या, खुल्या समुद्राच्या अंगाने भिडलं. तिथे तटाचा बराच भाग मूळ कातळ तासूनच काढलेला. गोळ्यांनी त्याला काही होईना. तेव्हा त्याने जहाज गड आणि हर्णै यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात घातलं. ज्या पाण्यावर गडाने पहारा ठेवायचा, त्याच पाण्यातून मारा झाला. आतली छपरं पेटली, दारूकोठार उडालं, आणि आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांचा गड गेला. त्या पट्ट्यात होडीत बसून दोन्हीकडे मान वळवून पाहा, मग मला सांगा.

किनाऱ्यावरच्या तीन किल्ल्यांचं म्हणाल, तर तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे त्यांचं काम नव्हतं.

चुका दाखवा, शंभरदा दाखवा. पण माणूस गडावर पाय ठेवून आला आहे की नाही, हे एका वाक्यावरून ठरवू नका. साल बदललं आहे. ‘कच्ची’ हा शब्द तसाच राहील.