प्लेटो आणि मी : एक खुलासा

रविवारी सदाशिव पेठेत माझं जलरंगाचं प्रात्यक्षिक झालं. तेव्हापासून एक मेसेज फिरतोय : ‘प्लेटोने सगळ्या कलावंतांना राज्याबाहेर काढलं, आणि सरांनाही ते पटतं.’ दोन्ही चूक.

‘रिपब्लिक’ या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात प्लेटो, हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ, तीन पलंग सांगतो. एक मूळ रूपातला, म्हणजे पलंगाची मूळ कल्पनाच; दुसरा त्यावरून सुताराने केलेला, तिसरा त्या सुताराचा पाहून चित्रकाराने काढलेला. म्हणजे चित्र ही नकलेची नक्कल. टीका जहाल आहे, पण सरसकट हकालपट्टी नाही. देवांची स्तोत्रं आणि सज्जनांची स्तुतिगीतं तो ठेवतो. तिसऱ्या भागात तर शहरात लायर हे तंतुवाद्य आणि रानात गुराख्याचा पावाही चालतो. कवितेने आपली बाजू पटवून दिली तर तिला परत घेऊ, असंही तो म्हणतो. हे कुणी फॉरवर्ड करत नाही!

आता माझं. मंडई रंगवताना मी मनोऱ्याचे कोन मोजत बसत नाही. चारच्या सुमारास भिंतीवर जांभळट सावली चढते, कागद ओला असतानाच ती धरावी लागते. तेवढ्या घटकेची मंडई कुठल्याच गवंड्याने बांधलेली नसते, मग माझं चित्र नक्कल कशाची? म्हणून मी म्हणालो होतो, ‘प्लेटोचा प्रश्न पटतो, उत्तर पटत नाही.’ उत्तरार्धाच्या वेळी बहुधा चहा आला असावा.