गाडीचं ऑइल मी घरीच बदलते, पण त्या काळ्या कॅनचं काय?

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरून गाडीचं ऑइल काढत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, गॅरेजला द्यायला काय होतं? कशाला हात काळे करतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पैसे वाचतात, पण ते कारण नाही. या वेळी ऑइल, फिल्टर आणि वॉशर मिळून मला १,६५० रुपये लागले. मागच्या सर्व्हिसचं बिल ५,२०० होतं, पण त्यात ब्रेक, एअर फिल्टर, धुलाई असं सगळं होतं. दोन्हींची तुलना करणं बरोबर नाही.

कारण वेगळं आहे. तीन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमधून गाडी आणली आणि आठवड्याभरात पार्किंगच्या फरशीवर काळे थेंब दिसायला लागले. ड्रेन बोल्टचे, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचे, आटे गेले होते. बोल्ट तिरका बसला होता आणि तसाच मशीनने आवळला होता. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर बदलावा लागला, तोही माझ्याच खर्चाने, कारण "आमच्याकडून असं होत नाही".

माझे बाबा एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी मला शिकवलं ते एवढंच: बोल्ट आधी बोटांनी फिरव. बोटांनी सहज फिरला तर आटे बरोबर बसलेत. पाना फक्त शेवटी. या कामाला अर्धं मिनिट जास्त लागतं. दिवसाला चाळीस गाड्या काढायच्या असतात तिथे ते अर्धं मिनिट कोणी देत नाही, आणि त्या मुलांना मी दोषही देत नाही. पण माझ्या गाडीसाठी माझ्याकडे ते अर्धं मिनिट आहे.

करणाऱ्यांनी दोन गोष्टी मात्र पाळाच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक सरकतो, बसतो, माणसं दगावतात. मी लोखंडी रॅम्प वापरते, हँडब्रेक ओढते, गाडी गिअरमध्ये ठेवते आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावते. दुसरं, जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का ते बघा. ती इंजिनला चिकटून राहिली आणि वर नवी बसली, तर इंजिन सुरू होताच ऑइल बाहेर येतं.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, म्हणजे तेवढ्याच घट्टपणाचं घाला. घट्ट ते चांगलं, ही जुन्या इंजिनांच्या काळातली समजूत आहे. आणि "माझी गाडी फिरतेच कुठे" म्हणून ऑइल न बदलता वर्ष उलटू देऊ नका. माझी गाडी वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर चालते, नेरुळ ते सीवूड, फार तर वाशी. एवढ्याशा अंतरात इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि दमट हवेचं पाणी उडून जात नाही. म्हणूनच कंपन्या किलोमीटरबरोबर महिनेही लिहितात.

आता खरा प्रश्न. निघालेलं तीन लिटर काळं ऑइल कुठे जातं?

एक गृहस्थ मला सरळ म्हणाले, "गटारात ओततो, पावसात वाहून जातं." कुठे वाहून जातं? आपल्या नवी मुंबईचे पावसाळी नाले पाणी साठवणाऱ्या धारण तलावांत उतरतात आणि ओहोटीला ते पाणी खाडीत जातं. हीच ठाणे खाडी, जिथे २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, जी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. आपण मुलांना घेऊन रोहित पक्षी बघायला जातो आणि त्यांच्याच चिखलात धातूचे कण आणि जळलेल्या इंधनाचा गाळ सोडतो. मला हे बघवत नाही.

आमच्या गावी, संगमेश्वरकडे, जळकं ऑइल वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना लावायचे. बाबाही कॅन भरून न्यायचे. एका मे महिन्यात विहिरीजवळच्या खांबाखालची काळी माती मी पाहिली, तेव्हापासून आमच्या घरी ते बंद झालं. घातक कचऱ्याबद्दलच्या केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचरा आहे. ते पुन्हा शुद्ध करून वापरता येतं, पण त्यासाठी ते परवानाधारक रिसायकलरपर्यंत पोचायला हवं. मी माझा कॅन झाकण घट्ट लावून एका गॅरेजमध्ये देते. तिथे ड्रम आहे आणि तो रिसायकलरची गाडी नेते, हे मी स्वतः बघितलं आहे. ज्यांना कॅन घेऊन तेवढं जाणं जमणार नाही, त्यांनी ऑइल गॅरेजमध्येच बदलावं, आपलं नवं ऑइल आणि फिल्टर घेऊन जावं आणि समोर उभं राहावं.

आमच्या कमिटीने वॉचमन काकांच्या केबिनमागे वीस लिटरचा एक कॅन ठेवायला परवानगी दिली आहे. भरला की मी गॅरेजला पोचवणार. नेरुळ-सीवूडमधल्या कोणाकडे घरात जुन्या ऑइलचा डबा पडून असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. फक्त त्यात पाणी, कूलंट किंवा थिनर मिसळू नका, मग ते कोणी घेत नाही.